एड शीरनचं 'सफायर': दिशा बदलली की नुसता साज?

लूपवाला | ८ जून २०२५, रात्री ९:४०

५ जूनला ब्रिटिश गायक एड शीरनचं 'सफायर' हे गाणं आलं आणि तीन दिवसांत माझ्या ओळखीपाळखीतल्या लोकांचे सरळ दोन तट पडले. एकीकडे "अय्या, एड पंजाबीत गातोय!", दुसरीकडे "इथे तिकिटं खपली, आता गाणं खपवतोय." दोघांचं बोलणं ऐकलं की वाटतं, व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलाय, गाणं कोणीच ऐकलेलं नाही. म्हणून हा धागा.

आधी थोडी पार्श्वभूमी. २०२३ मध्ये शीरनने एकाच वर्षात दोन अल्बम काढले, मे महिन्यात 'सबट्रॅक्ट' आणि सप्टेंबरात 'ऑटम व्हेरिएशन्स'. दोन्हींत सोबतीला 'द नॅशनल' बँडचा एरन डेसनर. बायकोचं आजारपण, जिवलग मित्राचा मृत्यू, चाल चोरल्याचे खटले, असं सगळं एकदम अंगावर आलेल्या माणसाची 'सबट्रॅक्ट'मधली गाणी. संथ, धूसर. 'ऑटम व्हेरिएशन्स'मधून तर त्याने एकही सिंगल (सुटं प्रसिद्ध केलेलं गाणं) काढलं नाही. मग यंदाच्या एप्रिलमध्ये डफ-संतूर घेऊन 'अझीझम', आणि आता अरिजित सिंगला घेऊन 'सफायर'. 'प्ले' हा अल्बम १२ सप्टेंबरला येतोय. थोडक्यात, माणूस अंधाऱ्या खोलीतून उठला तो थेट वरातीत जाऊन उभा राहिला.

पण मूड बदलला म्हणजे दिशा बदलली असं नाही. माझा मुद्दा घडणीचा आहे.

शीरनचं गाणं कसं उभं राहतं ते आपल्याला माहीत आहे. गिटारच्या लाकडावर थाप, ती लूपमध्ये, म्हणजे पायाखालच्या यंत्रात टिपून पुन्हापुन्हा फिरवायची. तारा दाबून 'चक-चक', तीही लूपमध्ये. मग कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर), मग स्वतःच्याच आवाजाचे दोन थर, आणि सगळं फिरायला लागलं की वर गाणं. ३० जानेवारीला बिबवेवाडीच्या यश लॉन्सवर जे होते त्यांनी हे समोर पाहिलंय. एवढ्या मैदानापुढे एक माणूस, एक गिटार आणि पायाखालचं यंत्र. प्रत्येक थर त्याच्याच हातातून येतो, त्यामुळे गाण्यात काय काय येऊ शकतं याला त्या दोन हातांची हद्द असते. आणि त्या हद्दीमुळेच आपण चार सेकंदांत म्हणतो, "हा एड."

'सफायर'मध्ये ती हद्द काढून टाकली आहे. ठेका आधीच चालू आहे आणि चाल त्याच्या खाचांमध्ये बसवली आहे. गिटार बंद केली तरी गाणं पडणार नाही. मी घरी लूपवर उभं करून बघितलं. चाल येते, गाणं येत नाही. त्याने स्वतः सांगितलंय की 'प्ले' कुठे चाललाय हे त्याला या गाण्यामुळे कळलं, आणि म्हणून रेकॉर्डिंगचा शेवटचा टप्पा त्याने गोव्यात, इथले वादक घेऊन केला. म्हणजे तयार गाण्यावर वरून देशी वाद्यं चिकटवली, असा प्रकार नाही.

माझ्या मते हा बदल २०१७ च्या 'शेप ऑफ यू'पेक्षा मोठा आहे. बोला. फक्त "किती क्यूट दिसतोय" छापाचे प्रतिसाद नकोत, त्यासाठी इन्स्टा आहे.

---

पेठेतला_पोपट | रात्री १०:०२

पयला नंबर!

दिशा एकच आहे हो, पूर्व. श्रोते जिकडे, गायक तिकडे. नोव्हेंबरात दिलजित कोथरूडात, जानेवारीत कोल्डप्ले नवी मुंबईत (अर्धं पुणे तेव्हा एक्स्प्रेसवेवर होतं), त्याच महिन्यात शीरन बिबवेवाडीत. दौरा संपून चार महिने होतात न होतात तोच अरिजितबरोबर गाणं, व्हिडिओत शाहरुख. याला आमच्याकडे धंदा म्हणतात. धंदा वाईट असतो असं माझं म्हणणं नाही, फक्त दुपारी एक ते चार बंद ठेवावा.

जाता जाता, सहा शहरांचा दौरा पुण्यातून सुरू झाला आणि यादीत मुंबई नव्हतीच. एवढ्यावर त्याला सात खून माफ.

---

बिबवेवाडीकर | रात्री १०:३०

आम्हाला गच्चीवरून फुकटात ऐकू आलं. आवाज छान होता, पण गंगाधामच्या चौकात अडकलेल्यांचे हॉर्न त्याच्या लूपमध्ये व्यवस्थित बसत होते.

---

मंद्रसप्तक | ९ जून, सकाळी ७:१५

लूपवाला, धागा चांगला काढलात. माझी साठी केव्हाच उलटली, शीरन हे प्रकरण मला नातवामुळे माहीत. तुमचं वाचून हेडफोन लावून 'सफायर' ऐकलं. सवाई गंधर्व महोत्सवाच्या मांडवात मुरलेले कान आहेत, तेवढं धरून वाचा.

पाश्चात्त्य पॉपमध्ये चाल कॉर्डच्या पायऱ्यांवर उभी असते. खालची कॉर्ड बदलली की वरच्या त्याच स्वराचा अर्थ बदलतो. तिथली गंमत त्या बदलात आहे. आपल्याकडे षड्ज, म्हणजे सा, हलत नाही. तंबोरा तेच सांगत राहतो, आणि म्हणून गायकाला दोन स्वरांच्या मधल्या जागेत राहता येतं. मींड (स्वरावरून स्वरावर घसरत जाणं), आंदोलन (स्वर झुलवणं), कण (शेजारच्या स्वराचा निसटता स्पर्श), सगळं त्या मधल्या जागेतलं. कॉर्ड दर दोन-चार मात्रांनी सरकायला लागली की तिथे रेंगाळायला सवडच उरत नाही. हिंदी चित्रपटसंगीतातल्या चांगल्या संयोजकांनी यावर फार पूर्वी तोड काढली. गळ्याचं काम असेल तिथे कॉर्ड थोपवून धरायची आणि मधल्या तुकड्यांत वाद्यवृंद मोकळा सोडायचा.

आता अरिजित. बंगालातल्या जियागंजमध्ये, आपल्या गावी, हजारी गुरूंकडे शास्त्रीय गाणं आणि तबला शिकलेला मुलगा. इथे शीरनचे स्वर उभे येतात, एकेक सुटा. अरिजित स्वरावर खालून किंवा बाजूने येतो. एका ओळीतही हा फरक कळतो आणि तेवढी ओळ मला आवडली. पण त्याला थांबायला जागा कुठे आहे? तो आला की लगेच पुढचं वळण येतं. दोघे एकमेकांना उत्तर देत नाहीत. याला जुगलबंदी म्हणत नाहीत, फार तर शेजार म्हणतात.

तेव्हा ठेका बदलला हे मान्य. स्वराचा विचार अजून तिकडचाच आहे.

---

पेठेतला_पोपट | सकाळी ७:४०

काका, सकाळी सव्वासातला एड शीरन! सवाईवाल्यांना कळलं तर पुढच्या वर्षी भारतीय बैठकीतही जागा मिळायची नाही. (हलके घ्या.)

---

नवखी_गिटार | सकाळी ११:३५

'शेप ऑफ यू' आलं तेव्हा मी पाचवीत होते. त्यामुळे तुमच्यासाठी जो "खरा एड" आहे तो माझ्यासाठी कधी नव्हताच.

मला एक सांगा, प्रत्येक अल्बमचं पहिलं सिंगल असंच दचकवणारं असतं ना? २०१४ ला 'सिंग', फॅरेल विल्यम्सबरोबर, तेव्हा जुने फॅन म्हणाले की गिटारवाला पोरगा फंक करायला लागला. २०१७ ला 'शेप ऑफ यू', म्हणे हे तर रिहानासाठी लिहायला घेतलेलं गाणं. २०२१ ला 'बॅड हॅबिट्स', तेव्हा सगळे सिंथच्या (इलेक्ट्रॉनिक कीबोर्डच्या) नावाने बोटं मोडत होते. आणि अल्बम आला की आत निम्मी गाणी लग्नात वाजवण्यासारखी निवांत. 'प्ले'मध्येही तेच होणार. मे महिन्यात आलेलं 'ओल्ड फोन' ऐका, एकदम जुना एड.

आणि पंजाबी-इंग्लिश मिसळण्याचं आमच्या वयाच्या लोकांना काही कौतुक नाही. एपी ढिल्लों, करण औजला आम्ही रोज ऐकतो. आम्हाला ते "फ्यूजन" वाटत नाही, नुसतं गाणं वाटतं.

---

लूपवाला | दुपारी १:१०

@नवखी_गिटार, प्रतिसाद आवडला. दचकवणारं पहिलं सिंगल ही त्याची जुनी खोड आहे, अगदी मान्य. पण तू घेतलेलंच उदाहरण बघ. 'शेप ऑफ यू' २०१७ च्या ग्रॅमीला त्याने कसं सादर केलं? एकटा, लूप पेडलवर. गाण्यातला तो टिकटिकणारा तुकडा त्याने तिथल्या तिथे वाजवून फिरवला. रिहानासाठी सुरू झालेलं असो की कोणासाठी, गाणं त्याच्या लूपच्या यंत्रात मावत होतं. 'सिंग'सुद्धा तो वर्षानुवर्षं एकट्याने करतोय, शेवटचा आवाज तर प्रेक्षकांकडूनच काढून घेतो. 'बॅड हॅबिट्स'पासून या एकट्याने करण्याला गळती लागली, आणि २०२२ च्या ब्रिट पुरस्कारांत ते त्याने 'ब्रिंग मी द होरायझन' या रॉक बँडला बरोबर घेऊन केलं.

@मंद्रसप्तक काका, "शेजार" या शब्दावर आज दिवसभर विचार करणार. मला स्वतःला अरिजितचा प्रवेश जास्त भिडला, पण त्याला जागा कमी आहे हे खरंच.

@पोपट, धंदा तर आहेच. पण नुसत्या धंद्यासाठी त्याने हिंदी निवडली असती, पंजाबी नाही. मार्च २०२४ मध्ये महालक्ष्मी रेसकोर्सवर दिलजितबरोबर पंजाबीत गायला तेव्हापासून ते त्याच्या तोंडात बसायला लागलंय.

---

पेठेतला_पोपट | दुपारी १:२५

पंजाबी आज जोरात विकते, मालक. टोरांटोपासून लंडनच्या साउथॉलपर्यंत. निवड बरोबरच केलीय त्याने.

---

गुडलकचा_बनमस्का | दुपारी ४:००

सगळे 'सफायर'वर तुटून पडलेत, पण वळण 'अझीझम'ला घेतलं गेलं. तिथला निर्माता इल्या सलमानजादे, इराणी वंशाचा स्वीडिश. मॅक्स मार्टिनच्या तालमीतला. आयुष्यभर अमेरिकन पॉप घडवलेल्या या माणसाने शीरनला सुचवलं की माझ्या घरी वाजायचं त्या संगीतावरून काहीतरी करून पाहू. म्हणजे सुरुवात शीरनच्या डोक्यातून नाही, निर्मात्याच्या माजघरातून झाली.

पुढे त्याच गाण्याची फारसी आवृत्ती काढली, तीही कोणाबरोबर, तर गुगूशबरोबर. ज्यांना हे नाव नवीन आहे त्यांच्यासाठी: सत्तरच्या दशकातली इराणची सगळ्यात मोठी पॉप गायिका. १९७९ च्या क्रांतीनंतर बायकांनी जाहीर गाण्यावर बंदी आली आणि ही बाई देशातच राहून वीसेक वर्षं गप्प होती. २००० साली बाहेर पडली आणि पुन्हा गायला लागली. पुण्यात एकेकाळी इराणी विद्यार्थी भरपूर होते. आमच्या होस्टेलवर शेजारच्या खोलीत रात्री गुगूशची कॅसेट लागायची आणि चार धिप्पाड पोरं मुसमुसत बसायची. शीरनसारख्याने तिला आपल्या गाण्यात बोलावलं याचं त्या लोकांना काय वाटलं असेल, ते मला थोडंफार कळतं. पोपटरावांच्या गल्ल्यात ते मोजता येणार नाही.

---

थांबा_आधी_ऐका | सायं. ५:२०

या लोकांचं नेहमीचंच. आपलं संगीत उचलायचं, गुळगुळीत करायचं आणि आपल्यालाच विकायचं. साठ वर्षांपूर्वी बीटल्सने सतारीचं केलं, आता हा.

---

मंद्रसप्तक | सायं. ६:०५

@थांबा_आधी_ऐका, बीटल्सचं उदाहरण तुमच्या विरुद्ध जातं. १९६५ मध्ये जॉर्ज हॅरिसनने 'नॉर्वेजियन वुड'मध्ये सतार वाजवली तेव्हा त्याला ती नीट धरताही येत नव्हती. पण पुढच्याच वर्षी तो भारतात येऊन रविशंकरांकडे शिकायला बसला. उचलणं आणि शिकणं यात तेवढंच अंतर असतं. शीरन कोणाकडे बसतो ते बघू. तोवर चोर म्हणण्याचं कारण नाही.

---

लूपवाला | सायं. ६:३०

काकांना +१. आणि चोरीचा आरोप या माणसावर जरा जपून करा, त्यात तो मुरलेला आहे. :) 'शेप ऑफ यू'वरचा लंडनमधला खटला तो २०२२ मध्ये जिंकला, 'थिंकिंग आउट लाउड'चा न्यूयॉर्कचा २०२३ मध्ये. न्यूयॉर्कला तर साक्षीच्या पिंजऱ्यात गिटार घेऊन बसला आणि चारच कॉर्डवर किती वेगवेगळी गाणी बसतात हे ज्यूरीला वाजवून दाखवलं. लंडनच्या खटल्यानंतर तो गाणं लिहितानाची प्रत्येक बैठक व्हिडिओवर टिपून ठेवतो.

---

तिरकिट | रात्री ९:१५

तबला शिकतो, गणपतीत ताशा वाजवतो. आमच्या बाजूचं कोणी बोलतच नाही म्हणून आलो.

"भारतीय ठेका, भारतीय ठेका" चाललंय ते जरा आवरा. 'सफायर'चा ठेका चारात आहे. कहरव्याच्या (आठ मात्रांच्या नेहमीच्या तालाच्या) अंगाने जातो, आणि म्हणूनच जगात कुठेही पाय थिरकतात. सात मात्रांचा रूपक घेतला असता तर मी म्हटलं असतं की दिशा बदलली. लंडनच्या क्लबात रूपकवर नाचून दाखवा म्हणावं.

पण एक गोष्ट आहे, आणि इथे मी लूपवाल्याच्या बाजूने आहे. लूप पेडलवर ठेका एकदा टाकला की तो मेला. प्रत्येक आवर्तन कार्बन कॉपी. ताशावाला एकाच ठेक्याची दोन आवर्तनं कधी सारखी वाजवत नाही. कुठे काडी जरा उशिरा पडते, कुठे मधेच भरगच्च तुकडा घालून समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, येतो. ढोल सरळ चालतात म्हणून ताशाला खेळता येतं. शीरनच्या जुन्या गाण्यांत खेळायला कोणी नव्हतंच, सगळे ढोल तोच आणि ताशाही तोच. 'सफायर'मध्ये तालवाद्यांवर माणसं बसली आहेत हे ऐकू येतं, विशेषतः कडव्यातून मुखड्याकडे जाताना. प्रॉडक्शनने बरंच इस्त्री करून टाकलंय, तरी मधूनमधून घडी मोडलेली दिसते. मला तेवढ्यासाठी गाणं आवडलं.

---

पेठेतला_पोपट | रात्री ९:३०

हा प्रतिसाद फ्रेम करून पथकाच्या वाद्यखोलीत लावा.

---

भांडारकर_रोडचा_आयरिश | १० जून, सकाळी १०:४५

(आयरिश नाही. कामानिमित्त काही वर्षं डब्लिनला होतो.)

हा सगळा वाद मी आधी एकदा ऐकलाय. २०१७, 'गॉलवे गर्ल'. शीरनचे आजी-आजोबा आयरिश, लहानपण त्या लोकसंगीतात गेलेलं. त्याने उत्तर आयर्लंडचा 'बियोगा' हा पारंपरिक वादकांचा गट बरोबर घेतला, फिडल (व्हायोलिन) आणि बोडरान (आयरिश डफ) घातलं, वर रॅप केलं. त्याच्या रेकॉर्ड कंपनीला ते गाणं अल्बममध्ये नकोच होतं. लोकसंगीत चालत नाही म्हणाले. त्याने हट्टाने घेतलं, आणि पबपबात ते वाजलं.

डब्लिनमध्ये तेव्हा काय बोलायचे माहितीय? शब्द न् शब्द हेच. पर्यटकांसाठी केलंय. बोडरानचा नुसता मसाला आहे. पारंपरिक वादक नाक मुरडायचे, पोरं नाचायची, आणि बियोगाला पहिल्यांदा स्टेडियमएवढे श्रोते मिळाले.

म्हणून लूपवाल्याशी माझा मतभेद आहे. ही नवी दिशा नाही, 'गॉलवे गर्ल'चाच रस्ता पुढे आलाय. तो स्वतःही तेच म्हणतो, की 'प्ले' करताना इराणी आणि भारतीय संगीतात त्याला आयरिश लोकसंगीताशी जुळणारे स्वर आणि लयी सापडल्या. हे बोलायला सोपं आहे हे कबूल. पण आयरिश गाण्यात 'शान-नोस' म्हणून साथीशिवाय गायची जुनी पद्धत आहे, त्यात कॉर्ड नसते, स्वर नटवत नटवत गातात. मंद्रसप्तक काकांनी यूट्यूबवर जरूर ऐकावं. शीरनने ते 'सफायर'मध्ये वापरलेलं नाही, ही माझी खरी तक्रार. पंजाबी ठेका घेतला त्यापेक्षा स्वतःच्या आजोबांचा गळा घेऊन अरिजितसमोर बसला असता तर काकांना हवी ती जुगलबंदी झाली असती.

---

मंद्रसप्तक | दुपारी १२:२०

ऐकलं. आयर्लंडच्या कोनामारा भागातल्या एका गायिकेचं. डोळे मिटून, हाताला कोणीतरी धरून बसलंय, आणि ती गातेय. स्वर लावण्याची तऱ्हा वेगळी, पण मधल्या जागा आहेत! तुम्ही म्हणता तसं शीरनने केलं तर मी तिकीट काढून जाईन. खुर्चीचं, भारतीय बैठक आता गुडघ्यांना झेपत नाही.

---

पेठेतला_पोपट | दुपारी १२:४५

मंडळी, एवढं कौतुक चाललंय म्हणून जरा टाचणी लावतो. 'अझीझम'च्या गीतकारांत सावन कोटेचा आहेत, भारतीय वंशाचे अमेरिकन. वन डायरेक्शन, आरियाना ग्रांदे, सगळीकडे हात असलेला माणूस. शेजारी इल्या. म्हणजे "पूर्वेकडचं" जे काही आहे ते स्टॉकहोम-लॉस एंजेलिसच्या पॉप कारखान्यातल्या कसलेल्या लोकांनी केलंय. शीरन जियागंजला जाऊन अरिजितच्या स्कूटरवर बसला ते छानच. पण सही कारखान्याची आहे.

---

लूपवाला | दुपारी २:१०

पोपटा, तू माझाच मुद्दा मांडतोयस रे! आधी एकट्याची सही होती, आता अनेकांची आहे. कारखाना म्हण, मैफल म्हण, त्याने एकटेपणा सोडला. तिरकिटने ताशाचं जे सांगितलं ते या अनेकांमुळेच शक्य झालं. आणि याची किंमतही आहे. जो माणूस गिटार घेऊन कुठेही उभा राहू शकत होता (बंगळूरच्या चर्च स्ट्रीटवर फेब्रुवारीत उभा राहिला, पोलिसांनी वायर काढली तो भाग वेगळा), त्याला हे गाणं रस्त्यावर तसंच्या तसं वाजवता येणार नाही. या सौद्यात मला गाणं मिळालं, पण तो रस्त्यावरचा गिटारवाला थोडा गेला. मला तो जास्त आवडायचा.

---

बिबवेवाडीकर | दुपारी २:३०

पुण्यात वायर काढायचा मान आपण २०२३ मध्येच मिळवलाय. राजा बहादूर मिल, ए. आर. रहमानचा कार्यक्रम, रात्रीचे दहा, आणि पोलिसांनी बंद पाडला. एडने साडेनऊला उरकलं असेल तर ते शहाणपणच.

---

नवखी_गिटार | दुपारी ४:५०

कॉलेजच्या बँडने 'सफायर' घ्यायचं ठरवलंय. मी गिटार, एक गाणारी, एक कीबोर्ड. लूप नाही, डफ नाही. @तिरकिट दादा, तालवाद्याचं काय करू? कॅहोन (वर बसून हाताने वाजवायची लाकडी पेटी) आहे एक.

---

तिरकिट | सायं. ६:१५

कॅहोनवर ठेका सरळ ठेव, अजिबात सजवू नकोस. सजवायचं काम दुसऱ्या कोणाला तरी दे, खंजिरी किंवा छोटी ढोलकी चालेल. आणि वाजवणाऱ्याला आधीच सांगून ठेव की कडव्यात गप्प बसायचं, मुखड्याच्या आधीच्या दोन मात्रांतच काय ते करायचं. गणपतीच्या सरावात आमच्याकडे नवी मुलं हेच चुकतात, सगळीकडे भरत सुटतात.

---

नवखी_गिटार | सायं. ६:२२

आणि अरिजितची ओळ? आमची गाणारी म्हणतेय तिला ती झेपणार नाही.

---

मंद्रसप्तक | सायं. ७:००

झेपेल. कीबोर्डवाल्याला तिथे कॉर्ड बदलू देऊ नका, एकच धरून ठेवायला सांगा. मुलीला म्हणावं, घाई नाही.